बाराखडी, शब्द आणि घरची बोली



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने इतिहास, अध्यात्म, नाहीतर देशाचे अर्थकारण असा भारदस्त विषय घ्यावा, असा रिवाज आहे. मी मात्र आज आपल्यासमोर पहिलीच्या वर्गातला विषय घेऊन उभा आहे. लहान मुलाला वाचायला कसे शिकवावे? हा तर गुरुजींचा आणि बाईंचा प्रश्न, आम्हा व्यापाऱ्यांना, शेतकऱ्यांना त्याचे काय, असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात वावगे काही नाही. परंतु हा प्रश्न शाळेच्या चार भिंतींत सुटण्यासारखा नाही, गावाने हात लावल्यावाचून तो सुटत नाही, असे माझे म्हणणे आहे, आणि तेच मी आज मांडणार आहे.

प्रथम आपण कोठे उभे आहोत ते पाहू. २००५ सालापासून आपल्या देशात 'असर' नावाची पाहणी होते. तिचे कार्यकर्ते खेडोपाडी घरोघर जातात आणि मुलाच्या हाती एक कागद देऊन 'वाच' म्हणतात. त्यावर दुसरीच्या मुलाला वाचता यावा असा एक साधा उतारा असतो. २०२२ साली ग्रामीण भारतात पाचवीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे ४३ मुलांना तो वाचता आला. २०२४ साली ही संख्या ४९ च्या आसपास गेली. सुधारणा झाली ही आनंदाची गोष्ट. पण पाच वर्षे शाळेत बसून निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येऊ नये, हा काही आनंदाचा हिशेब नव्हे. चौथीपासून भूगोल असो, विज्ञान असो, गणितातली शाब्दिक उदाहरणे असोत, सगळे वाचूनच समजून घ्यायचे असते. ज्याला वाचता येत नाही ते मूल वर्गात असते, हजेरीपटावर असते, पण शिकण्यात नसते. मग एक दिवस ते बाकावरून उठते आणि आपण म्हणतो, याला शिक्षणाची गोडी नव्हती.

आता पद्धतींकडे वळू. वाचन शिकवण्याच्या पद्धतींची नावे पुष्कळ आहेत, पण मुळात दोन. एक अक्षराकडून शब्दाकडे जाते, दुसरी शब्दाकडून किंवा वाक्याकडून अक्षराकडे येते.

पहिली आपल्या आजोबा-पणजोबांची. पंतोजींच्या शाळेत मूल आले की ओनामा व्हायचा. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे, तोंडाने त्याचा घोष करायचा, आणि क का कि की अशी बाराखडी वर्गाने एका सुरात म्हणायची. या पद्धतीला हसण्याची आपल्याकडे फॅशन आहे, पण तिच्यात अक्कल होती. डोळा, कान, तोंड आणि हात ही चारही एकदम कामाला लागत. अँड्र्यू बेल नावाचे पाद्री मद्रासेस असताना त्यांनी देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची व्यवस्थाही बसवली आणि १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तक छापले. पुढे इंग्लंडातली शेकडो मुले वाळूच्या पाटीवर अक्षरे शिकली. तेव्हा आपली धूळपाटी सातासमुद्रापार जाऊन आली आहे, हे ध्यानात असू द्यावे.

या पद्धतीचा दोषही तितकाच खरा आहे. मूल बाराखडी गाण्यासारखी पाठ म्हणते. 'क' पासून 'कः' पर्यंत न अडखळता जाते. पण मधलाच 'के' वेगळा काढून समोर ठेवला की ते मनातल्या मनात क का कि की पासून सुरुवात करते आणि बोटे मोजत 'के' पाशी येते. पाठांतर झाले, ओळख झाली नाही. शिवाय महिनेच्या महिने अक्षरे घोटायची आणि त्यातून एक गोष्टही हाती लागायची नाही, हे सहा वर्षांच्या जीवाला जड जाते.

म्हणून दुसरी पद्धत आली. चित्र दाखवा, त्याखाली शब्द लिहा, तो अख्खा शब्द मुलाच्या डोळ्यांत बसू द्या. मागाहून त्याची अक्षरे सोडवा. १६५८ साली कोमेनियस यांनी मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढले, तेव्हापासून या विचाराला वाट मिळाली. पुढे अमेरिकेत ही पद्धत जोरात चालली आणि भांडणही तितकेच जोरात पेटले. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश यांनी तिच्यावर कडक टीका करणारे पुस्तक लिहिले. १९६७ साली जीन चॉल या विदुषीने तोवरचे प्रयोग तपासून सांगितले की, सुरुवातीला अक्षर आणि ध्वनी यांचे नाते उघडपणे शिकवलेले बरे. २००० साली तेथील राष्ट्रीय मंडळानेही असाच कौल दिला.

हे भांडण आपल्याकडे जसेच्या तसे आणण्यात मात्र एक घोटाळा आहे. इंग्रजीचे दुखणे तिच्या स्पेलिंगात आहे. बी-यू-टी बट आणि पी-यू-टी पुट, हा विनोद आपल्यातल्या प्रत्येकाने शाळेत ऐकलेला आहे. तेथे अक्षरे येऊनही शब्द वाचता येईल याची हमी नसते. देवनागरी तशी नाही. आपला 'प' सकाळी प असतो आणि संध्याकाळीही प असतो. थोडे अपवाद आहेत. चमच्यातला 'च' एक आणि 'चमचे' मधला शेवटचा 'चे' दुसरा. 'सरपण' लिहिताना चार अक्षरे, पण म्हणताना आपण 'सर्-पण्' म्हणतो. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मागून येतो. पण हे अपवाद बोटांवर मोजण्याइतके. अशा प्रामाणिक लिपीत मुलाला अख्खे शब्द चित्रासारखे पाठ करायला लावणे म्हणजे घराची किल्ली खिशात असताना भिंत चढायला सांगणे होय. अक्षरे शिकवलीच पाहिजेत, आणि उघडपणे शिकवली पाहिजेत.

मग आपले दुखणे कोणते? थोडा हिशेब मांडतो. बाजारपेठेच्या गावात हिशेब लवकर पटतो. आपली व्यंजने चौतीस. प्रत्येकाची बाराखडी धरली तर चौतीस गुणिले बारा, म्हणजे चारशे आठ आकृती झाल्या. स्वर आणि जोडाक्षरे वेगळीच. मुलाने या चारशे आठ आकृती एकेक करून पाठ करायच्या म्हटल्या तर वर्ष पुरत नाही, आणि अनेक मुलांचे असेच होते. कन्नड लिपीही आपल्यासारखीच. तिच्यावर सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, सगळी अक्षररूपे आत्मसात व्हायला मुलांना चौथीपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. पण दुसऱ्या बाजूने पाहा. चौतीस व्यंजने आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार वगैरे अकरा खुणा, एवढेच खरे भांडवल आहे. चौतीस आणि अकरा मिळून पंचेचाळीस. ज्या मुलाला 'काना कोणालाही लागला तरी आ म्हणायचा' हे मर्म कळले, त्याची चारशे आठांची बाकी पंचेचाळिसांत फिटली. ज्याला ते कळले नाही, तो जन्मभर व्याजच भरत राहतो.

आता हे मर्म केव्हा सांगायचे? आपल्याकडे बरीच वर्षे असा रिवाज होता की, आधी सगळी मुळाक्षरे संपवायची, मग काना, मग वेलांटी. दिसायला हा क्रम सोपा वाटतो. पण त्याचा परिणाम पाहा. आपण पाच अक्षरे घेऊ: म, क, न, प, य. काना न लावता यांतून शब्द किती होतात? मन, नमन, नयन, कनक, यम, आणि फार तर चहाचा कप. मला सांगा, नामपूरच्या कोणत्या घरात सहा वर्षांचे पोर 'कनक' म्हणते? बिनकान्याच्या शब्दांनी जी वाक्ये जुळतात ती जगात कोणी कोणाशी बोलत नाही. मूल ती वाचते आणि त्याच्या मनाची अशी समजूत होते की, वाचणे म्हणजे अर्थ नसलेले काहीतरी मोठ्याने म्हणणे.

त्याच पाच अक्षरांना आता एक काना द्या. मामा, काका, नाना, माय, कान, नाक, पाय, मान, पान, काम, पाया, माया, आणि शेतातला मका! पाच अक्षरे, एक खूण, आणि अवघे घर-शेत मुलाच्या वाचनात आले. यानंतर दुसरा गट घ्यायचा, त्याबरोबर दुसरी खूण द्यायची. आठवड्या-आठवड्याला वाचता येणारे शब्द वाढत जातात. वर्णमालेचा क्रम व्याकरणाला उत्तम आहे. कंठापासून ओठापर्यंत ध्वनींची अशी मांडणी करणाऱ्या पूर्वजांना नमस्कारच केला पाहिजे. पण दुकानात माल ज्या क्रमाने रचलेला असतो त्याच क्रमाने गिऱ्हाइकाने तो विकत घ्यावा असा काही नियम नाही.

हा काही हवेतला विचार नाही. सातारा जिल्ह्यात फलटणला मॅक्सीन बर्नसन या बाईंनी तो कसाला लावला. जन्माने अमेरिकन, पुढे रीतसर भारतीय नागरिक झालेल्या, मराठी भाषेच्या अभ्यासक. त्यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली, १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. अक्षरे गटागटाने घ्यायची, स्वरखुणा लवकर आणायच्या, आणि पहिल्यापासून मुलाने अर्थाचे काही वाचावे, लिहावे, अशी तेथील दृष्टी. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरला २०१३ ते २०१६ अशी तीन वर्षे पहिली ते तिसरीच्या मुलांमागे राहून एक अभ्यास झाला. त्यातही हेच दुखणे ठळक झाले: अक्षरांचा सराव पुष्कळ, पण अर्थाशी गाठ थोडी, आणि तिसरी संपत आली तरी कितीतरी मुले काना-मात्रेच्या शब्दांशी झगडत राहिलेली.

येथपर्यंत पद्धतीचे झाले. परंतु नामपूरला, बागलाणात, एवढ्याने भागत नाही. कारण आपल्या मुलांच्या तोंडी जी भाषा आहे ती पुस्तकात नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी आपली मातृभाषा खानदेशी अशी नोंदवली. अहिराणी तीच. मोसम खोऱ्यातल्या किती घरांत ती बोलली जाते हे मी आपल्याला सांगायला नको. तालुक्याच्या पश्चिमेला भिल्ल आणि कोकणा घरांतल्या बोली आणखी वेगळ्या.

मघाच्या पाच अक्षरांकडे परत चला. म आणि ना. 'मना'. पुस्तकी मराठीत 'मना' म्हटले की आपल्याला समर्थांचे श्लोक आठवतात. पण अहिराणी घरातले पोर 'मना' वाचते तेव्हा त्याला 'माझा' असा अर्थ लागतो. त्याच्यापुढे 'मामा' लिहा. 'मना मामा'! पहिल्या पंधरवड्यात, पाच अक्षरांत, मुलाने आपल्याच तोंडचे बोलणे कागदावर वाचले. त्याचा चेहरा कसा उजळेल याची कल्पना करा. आता दुसरा प्रसंग घ्या. पुस्तकात डोळ्याचे चित्र आहे, खाली 'डोळा' लिहिले आहे. मूल चित्र पाहून 'डोया' म्हणते. गुरुजी म्हणतात, चूक. मूल दुसऱ्या ठिकाणी 'काया' म्हणते, काळा या अर्थी. गुरुजी पुन्हा म्हणतात, चूक. बिचाऱ्याने चूक कोठे केली? अर्थ बरोबर होता, वस्तू बरोबर होती. त्याला कळते ते इतकेच की, घरात आई जे बोलते ते येथे चालत नाही. मग ते गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला वाचायला शिकवणे फार अवघड असते, कारण वाचन हे शेवटी बोलण्यावरच उभे असते.

ताराबाई मोडकांनी हे ओळखले होते. त्यांच्या पुढाकाराने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत ते काम वाढले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे नेऊ म्हणून त्यांनी अंगणात वर्ग भरवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. जी शाळा कुरणात जाऊ शकते तिला मुलाच्या बोलीपर्यंत जाणे काय कठीण आहे?

येथे आपल्यातले काही पालक म्हणतील, "अहो, आम्हाला पोरांना अहिराणीत ठेवायचे नाही. त्यांना शुद्ध मराठी यावी, इंग्रजी यावी, म्हणून तर आम्ही पोटाला चिमटा घेऊन फी भरतो." हे म्हणणे मी मनापासून मानतो. गरिबाची महत्त्वाकांक्षा ही थट्टेची गोष्ट नाही. पण वाचण्याची कला माणूस एकदाच शिकतो. आकृतीतून ध्वनी, ध्वनीतून शब्द आणि शब्दातून अर्थ, ही वाट एकदा मेंदूत पडली की पुढच्या प्रत्येक भाषेला तीच उपयोगी पडते. ती वाट ओळखीच्या भाषेत लवकर पडते, अनोळखी भाषेत अडते. 'डोया' वरून 'डोळा' ला यायला सहा महिने पुरतात. पण ज्याने अर्थाविना वाचायची सवय लावून घेतली त्याला ती मोडायला कधी कधी सारे बालपण जाते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही लहान वयात घरच्या भाषेचा आधार घ्यावा असे म्हटले आहे.

याचे उदाहरण दूर शोधायला नको. शेजारच्या मालेगाव तालुक्यात कौळाणे गाव आहे. तेथे १८६३ साली गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. शेतकऱ्याचे पोर; बाराव्या वर्षापर्यंत अक्षराची ओळख नाही. १८७५ साली तो बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. तेथे त्याला शिक्षक मिळाले, वेळ मिळाला, पुस्तके मिळाली. तो मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकला. आपल्या बारा वर्षांच्या पोराला अक्षर येत नाही म्हणून आपण त्याच्यावर 'ढ' असा शिक्का मारतो. या मुलावर तो मारला असता तर? पुढे याच सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केले. परंतु त्यांचे मोठेपण मला त्याच्या पुढच्या पावलात दिसते. शाळेत शिकलेले वाचन पुस्तकांवाचून विसरते, हे त्यांनी जाणले. १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून त्यांनी गावोगाव ग्रंथालये काढली, आणि जेथे ग्रंथालय नाही तेथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या.

तेव्हा माझ्या बोलण्याचा मथितार्थ असा. बाराखडीवाले आणि शब्दवाले यांच्या वादात आपल्या लिपीपुरता निकाल अक्षरांच्या बाजूने लागतो, पण दोन अटींवर. अक्षरांचा क्रम मुलाला लवकर अर्थापर्यंत नेणारा असावा, ही पहिली. तो अर्थ मुलाच्या घरात बोलला जाणारा असावा, ही दुसरी. पहिली अट शिक्षकाने पाळायची आहे. दुसरी एकट्या शिक्षकाला पाळता येत नाही, तेथे गावाचे काम सुरू होते.

ते काम फार खर्चाचे नाही. शाळेतले गुरुजी परजिल्ह्यातले असले, अहिराणी त्यांना येत नसली, तर गावातल्या आजीबाईंना आठवड्यातून एकदा पहिलीच्या वर्गात बोलवावे. त्यांनी आपल्या बोलीत गोष्ट सांगावी, गुरुजींनी त्यातले चार शब्द फळ्यावर लिहावेत, मुलांनी ते वाचावेत. ज्या आजीला स्वतःला वाचता येत नाही तिच्या तोंडचे शब्द तिचा नातू वाचतो, यापरता गौरव कोणता? घरी आईवडिलांनी रात्री दहा मिनिटे मुलाला काहीतरी वाचून दाखवावे. पुस्तक नसेल तर किराण्याच्या पुडीचा कागद चालेल, लग्नपत्रिका चालेल, बाजार समितीची हिशेबपट्टीही चालेल. वाचता येत नसेल तर मुलाला म्हणावे, "तू वाच, मी ऐकतो." आणि मूल अडखळले तर घाई करू नये, हिणवू तर मुळीच नये. आणि अध्यक्षमहाराज, या व्याख्यानमालेच्या खर्चातून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढून लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांची एक पेटी करता आली, आणि ती महिन्याला एका वस्तीवर, एका मळ्यावर फिरती ठेवता आली, तर कौळाण्याच्या त्या मुलाचे ऋण आपण थोडेबहुत फेडले असे होईल.

येत्या जूनमध्ये आपल्या गावात पुन्हा एक पहिलीचा वर्ग भरेल. त्यातली किती मुले तीन वर्षांनी दुसरीचा उतारा वाचतील, याचे उत्तर शाळेइतकेच या मांडवात बसलेल्या मंडळींच्या हाती आहे.